तळटीप : पळवणकर बाळू
* पळवणकर बाळू (मृत्यू १९५५) : डावखुरे फिरकी गोलंदाज. हैदराबादच्या काचीगुड्यातल्या मराठी मंडळींच्या गप्पा सांगताना लेखक त्यांना कृष्णवर्णीय अमेरिकी बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या पंगतीला बसवतो. रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला १९४७ साली. बाळू त्याच्या कितीतरी आधीचे. चांभार म्हणून पुण्यातल्या हिंदू क्लबात त्यांचा चहा वेगळा, मातीच्या भांड्यात, मंडपाबाहेर. त्यांनी काढलेल्या बळींचा विटाळ मात्र कुणाला झाला नाही! १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. १९३७च्या मुंबईतील निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून हरले. लेखकाने हे गाळले आहे.