दोन उंट, एक घोडा आणि १३२ वर्षे

एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मान्य होत आली, म्हणजे ती सिद्ध झाली काय? तत्त्वज्ञानाच्या वर्गातला हा प्रश्न बुद्धिबळाच्या पटावरही उभा राहिला आणि तेथे त्याचे निःसंदिग्ध उत्तर मिळाले. तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे.

पटावर मोजकीच मोहरी उरली की डावाचा अखेरचा टप्पा सुरू होतो. उत्तर निश्चित ठरवता येते म्हणून यंत्राच्या परीक्षेला हाच टप्पा सोयीचा. स्पॅनिश अभियंते लिओनार्दो तोर्रेस केवेदो यांनी १९१२ साली बनविलेले यंत्र राजा व हत्ती घेऊन माणसाच्या एकट्या राजाशी खेळे. त्याचा मार्ग नेहमीच सर्वांत जवळचा नसे. पण मात मात्र हमखास होई.

पुढे संगणक आला आणि रीत पालटली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे केन थॉम्पसन यांनी उलट्या दिशेने गणित मांडले. मात झालेल्या सर्व स्थिती आधी नोंदवायच्या. मग एका खेळीत तेथे पोहोचविणाऱ्या स्थिती, मग त्यांच्या आधीच्या. असे मागे मागे जात प्रत्येक स्थितीचा निकाल लिहून ठेवायचा. येथे अंदाजाला जागाच उरत नाही.

या कोष्टकाने प्रथम माणसाची परीक्षा घेतली. वजीर असलेला हत्तीवाल्याला हरवतो, हे पुस्तके शिकवीत आली होती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात थॉम्पसन यांच्या यंत्राने हत्तीची बाजू घेतली आणि समोर बसले ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन. ते अमेरिकेचे एकूण सहा वेळा विजेते ठरले. सर्वोत्तम खेळाने ३१ खेळ्यांत साधणारे काम त्यांना ५० खेळ्यांतही जमले नाही. हत्ती राजाजवळ ठेवावा असे पुस्तके सांगत. यंत्र तो खुशाल दूर नेई. ब्राउन खचले नाहीत. त्यांनी अभ्यास केला, पुन्हा खेळायला बसले आणि बरोबर ५०व्या खेळीला हत्ती मारला.

यानंतर कसोटी लागली ती परंपरेची. क्लिंग आणि हॉर्विट्झ या दोघा जर्मन अभ्यासकांनी १८५१ साली एक स्थिती प्रसिद्ध केली होती. दोन उंटांविरुद्ध (इंग्रजीत या मोहऱ्याला ‘बिशप’ म्हणतात) एकच घोडा असला, तरी तो कोपऱ्यालगतच्या तिरप्या घरात बसवून राजा जवळ ठेवला की तटबंदी अभेद्य होते व डाव बरोबरीत सुटतो, असा त्यांचा निर्णय होता. ग्रंथकारांनी तो पुढे चालविला. १९८३ साली थॉम्पसन यांच्या कोष्टकाने दाखविले की ही तटबंदी फोडता येते. बचाव करणारा दुसऱ्या कोपऱ्यात ती पुन्हा उभारू पाहतो, पण तेथेही टिकत नाही. घोडा मिळवायला जास्तीत जास्त ६६ खेळ्या पुरतात.

येथे एक पेच निर्माण झाला. ५० खेळ्यांत मोहरे मारले गेले नाही वा प्यादे हलले नाही, तर बरोबरी मागता येते. जागतिक संघटनेने अशा काही स्थितींसाठी मर्यादा वाढविली; १९९२ साली ती पुन्हा सरसकट ५० केली. पटावरचे सत्य आणि खेळाचा नियम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

२०१२ साली मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर सात मोहऱ्यांची कोष्टके पूर्ण झाली. त्यांत मात व्हायला ५४९ खेळ्या लागणारी स्थितीही सापडली. आज बुद्धिबळाच्या संगणक-प्रणालीची पारख करताना अशी स्थिती तिच्यापुढे मांडतात आणि तिचे उत्तर कोष्टकाशी ताडून पाहतात.

तरीही कोष्टक ‘काय’ ते सांगते, ‘का’ ते सांगत नाही. ब्रिटिश अभ्यासक जॉन रॉयक्रॉफ्ट यांना दोन उंटांच्या विजयाचे टप्पे माणसाला उमगतील अशा शब्दांत मांडण्यासाठी त्या याद्यांवर परिश्रम घ्यावे लागले. क्लिंग आणि हॉर्विट्झ यांना आम्ही दोष देणार नाही. हाती होते तेवढ्या साधनांनी त्यांनी प्रामाणिक निर्णय दिला. मात्र पुढच्या पिढ्यांनी तो पडताळण्यापेक्षा उतरवून घेणे अधिक पसंत केले. वडीलधाऱ्यांचा शब्द आदराने ऐकावा आणि त्याच आदराने तो तपासूनही पाहावा, एवढा बोध या ६४ घरांतून आपणांस घेता येईल.