रोझेलची मावशी

पेण-रोह्याकडचे मूल परदेशी शिकायला निघाले, की घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिली काळजी असते ती पोर राहील कोणाकडे आणि जेवेल काय याची. ही काळजी आजची नव्हे. रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख १९१५ साली केंब्रिजला गेले, तेव्हा युरोपात महायुद्ध पेटले होते. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे सर्वश्रुत आहे. आम्हांला येथे सांगायची आहे ती त्यांच्याही ३२ वर्षे आधी समुद्र ओलांडलेल्या एका मुलीची हकीकत.

रायगड जिल्हा १९८१ पूर्वी कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्या कुलाब्यातील अलिबागेस टपालखात्यातले गोपाळराव जोशी बदलून आले होते. त्यांची पत्नी कल्याणची यमुना, सासरची आनंदीबाई. लग्न नवव्या वर्षी झालेले. पत्नीने शिकलेच पाहिजे हा गोपाळरावांचा हट्ट. तो पुष्कळदा कठोर होई, हेही सांगितले पाहिजे. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याच्या तिच्या निश्चयामागे हे दुःख होते.

त्याआधी, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी कोल्हापुराहून रेव्हरंड वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहून अमेरिकेत पत्नीच्या शिक्षणाची सोय होईल काय, असे विचारले होते. बाप्तिस्मा घेतल्यास साहाय्य होईल, अशा अर्थाचे उत्तर आले. वाइल्डरसाहेबांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडले. मिशनऱ्यांची अट त्यांच्या पत्रात नव्हती. पत्रांतूनच त्या आनंदीबाईंच्या 'मावशी' झाल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, असे जाहीर केले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाज सुटले. पती सोबत नव्हते; सोबत होती ती मिशनरी स्त्रियांची. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरायला मावशी हजर होत्या. आनंदीबाईंचे वय तेव्हा अवघे अठरा!

रोझेलच्या घरात त्या उन्हाळाभर राहिल्या. शाकाहार सुटला नाही, लुगडे सुटले नाही. परके घर आपलेसे वाटायला काय लागते? आम्हांला वाटते, अनोळखी माणसाला त्याच्या रीतीने जेवू द्यावे, वागू द्यावे, एवढे पुरते. खरी परीक्षा पुढे फिलाडेल्फियात झाली. स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना मिळालेली खोली थंडगार, शेकोटीचा धूर कोंडणारा. नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीचे पातळ नेसणे स्वीकारले. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी त्यांना मायेने जपले. तरी प्रकृती ढासळत गेली ती गेलीच.

त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींच्या आश्रयास असताना बाप्तिस्मा घेतला. दोघीही ब्राह्मण घरच्या, दोघीही ख्रिस्ती माणसांच्या छताखाली, आणि दोघींचे निर्णय निराळे. आम्हां ख्रिस्ती लोकांना रमाबाईंविषयी जवळीक वाटणे स्वाभाविक आहे. पण श्रद्धा ही आश्रयाचे भाडे म्हणून मागायची वस्तू नव्हे, हे कार्पेंटर मावशींनी ओळखले, याचे मोल आम्हांला कमी वाटत नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई त्या समारंभासाठी फिलाडेल्फियास आल्या होत्या.

कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक ठरली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पुरी होण्यापूर्वीच, क्षयाने पुण्यात आनंदीबाईंचा अंत झाला. गोपाळरावांनी त्यांची रक्षा मावशींकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, ती ठेवलेली आहे.