नाणेघाटातील पावसाळा

गोदातीरावरील प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी आणि कल्याण व सोपारा ही अपरान्तातील, म्हणजे उत्तर कोकणातील, बंदरे यांना जोडणारा जो प्राचीन व्यापारमार्ग जुन्नरावरून कोकणात उतरत असे, त्याचा सर्वांत बिकट आणि सर्वांत मोलाचा टप्पा म्हणजे नाणेघाट. मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावाजवळून ही वाट आजही चढता येते. आणि तिचा इतिहास ज्याला यथार्थ समजून घ्यावयाचा असेल, त्याने ती एकदा तरी श्रावणाच्या धारेत चढावी, असे माझे निश्चित मत आहे. कारण या घाटाची जकात कोणत्याही राजवटीने वसूल केली असो, त्याचे वेळापत्रक ठरविण्याचा अधिकार पावसाकडेच होता.

पावसात ही वाट निम्मी वाट आणि निम्मा ओढा असते. खालच्या रानात गुडघाभर गवत आणि निसरडी तांबडी माती. वर चढावे तसा काळा कातळ लागतो, आणि त्यात खोदलेल्या, झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवरून पाणी एकीवरून दुसरीवर खळाळत येते. काठी टेकवून आधी दगड चाचपावा आणि मगच त्यावर भार टाकावा, असा हा चढ आहे. माथ्याजवळच्या खिंडीत वारा इतका अनावर होतो की, कड्यावरून निघालेले पाणी खाली न पडता तुषार होऊन वर उधळते. पाठीवर गोणी लादलेला बैल अशा दिवशी येथून उतरविणे कोणा तांडेवाल्याला परवडले असते, असे ज्याने ही खिंड भर पावसात पाहिली आहे तो म्हणणार नाही.

समुद्राचाही कायदा हाच होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण, सोपारा, पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या स्थळांचा उल्लेख आहे. हिंदुस्थानाकडे येणारी जहाजे जुलैच्या सुमारास मिसर देशातून निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या बळावर पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्याला लागत. बंदर आणि घाट अशा रीतीने एकाच ऋतूने बांधलेले असल्यामुळे, नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत झाला आणि वाटा वाळल्या, म्हणजे दोन्हीकडची वर्दळ सुरू होई.

खिंडीच्या मुखाशी सातवाहनांनी कोरविलेली गुहा आहे. तिच्या भिंतींवरील ब्राह्मी लेखात राणी नागनिकेने अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणी यांच्या दक्षिणेची नोंद करविली आहे. दक्षिणेचे हे आकडे भारतातील अतिप्राचीन अंकलेखनाचे साक्षी मानले जातात. समोरच्या भिंतीवर सिमुक, नागनिका, सातकर्णी इत्यादी सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज तेथे पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे एवढेच शिल्लक आहे. आपल्या कुळाचे वैभव सांगण्यासाठी या राणीने राजधानी न निवडता घाटाचे तोंड निवडले, यावरूनच या वाटेवरील रहदारीचे प्रमाण कळून येते. वर माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे.

परंतु मला या सर्वांहून अधिक आदर वाटतो तो गुहेच्या आसपासच्या पाण्याच्या टाक्यांविषयी. कातळातील पन्हळीने पावसाचे पाणी टाक्यात उतरताना पाहावे, म्हणजे त्या खोदणाऱ्यांची दूरदृष्टी ध्यानात येते: चार महिने जो पाऊस वाट अडवून धरी, त्याचेच पाणी उरलेले आठ महिने वाटसरूंची आणि जनावरांची तहान भागवी. जुन्नरच्या लेण्यांतही हीच दृष्टी आढळते. वर्षाकाळात भिक्षूंनी प्रवास न करता एके ठिकाणी राहावे, असा बौद्ध संघाचा नियम. त्या वर्षावासासाठी डोंगरांत निवारे कोरले गेले, आणि एका लेखात तर धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघटनेने, लेण्यासोबत पाण्याचे टाकेही दान दिल्याची नोंद आहे.

पुढे 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली, आणि लदणीच्या बैलांचा जमाना मागे पडला. आता पावसाळ्यात येथे हौशी पदभ्रमण करणाऱ्यांची रीघ लागते, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांना एवढीच विनंती की, गुहेच्या भिंतीवर आपले नाव कोरू नये, टाक्यात कागद-बाटल्या टाकू नयेत, आणि गाळ काढण्याचे काम कोठे चालले असेल तर त्यास हात लावावा. कारण दोन हजार वर्षांपूर्वी अनोळखी वाटसरूंसाठी खोदलेले हे पाणी स्वच्छ राखणे, हे त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाचे देणे आहे.