मेणकागदावरची अक्षरं

अप्पा, म्हणजे माझे वडील, खिळेजुळारी होते: शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून मजकूर मांडणारे. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं उभ्यानं काम केलं. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक, उजवा हात खान्यांवरून फिरता, डोळे कॉपीवर. इंग्रजीच्या जुळाऱ्याला थोड्या खान्यांत भागवता येई. मराठीला जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार यांचे खिळे वेगळे, त्यामुळे समोर आणि दोन्ही बाजूंना खानेच खाने. घरी आले की आधी रॉकेलनं आणि मग साबणानं हात धूत. तरी पेरांतला शिशाचा काळा रंग शेवटपर्यंत गेला नाही.

मी शिशाला हात न लावता छापायला शिकले. 1964 साली महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम झाला, कचेऱ्यांतून मराठी टंकलेखक मागू लागले, आणि अप्पांनी मला मॅट्रिकनंतर मराठी टायपिंगच्या क्लासात घातलं. मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा मी पास झाले. पुढे फोर्टातल्या कचेरीत परिपत्रकांचे स्टेन्सिल कापण्याचं काम माझ्याकडे आलं.

स्टेन्सिल म्हणजे मेणाचा पातळ कागद, पाठीला जाड कागद चिकटवलेला. टंकयंत्रावर तो चढवायचा आणि रिबन बाजूला करायची. मग अक्षराचं लोखंड थेट मेणावर पडतं, मेण कापलं जातं, आणि सायक्लोस्टाइल यंत्राची शाई त्या फटीतून कागदावर उतरते. जोरात कळ मारली की ‘ठ’च्या पोटातला गोल तुकडा सुटून पडायचा आणि छापताना तिथं काळा ठिपका. अनुस्वार तर थेट भोकच. हलकी कळ मारली की अक्षर पुसट. चूक झाली की लाल द्रव लावायचा, फुंकर घालून वाळवायचा आणि त्यावर पुन्हा कापायचं. चित्र किंवा मोठं शीर्षक हवं असेल तर बोथट टोकाच्या लोखंडी लेखणीनं मेणावर हातानं रेघा ओढायच्या. ही लेखणी हातात आली आणि मला कळलं की इथं खिळा नाही, ब्लॉक नाही. माझा हात जसा वळेल तसं अक्षर.

1968च्या पावसाळ्यात धाकट्या भावाचा एक मित्र कवितांची वही घेऊन घरी आला. चार मित्रांनी पैसे जमवले होते, अंक काढायचा होता, स्टेन्सिल कापून हवे होते. मी क्लासच्या यंत्रावर संध्याकाळी ते कापले. सोळा पानं, दोनशे प्रती. एका कवीनं ओळी पायऱ्यांसारख्या उतरत्या लिहिल्या होत्या. खिळे जुळवताना अशा पानासाठी प्रत्येक ओळीआधी कोऱ्या जागेचे तुकडे भरावे लागत, वेळ जाई आणि छापखानेवाला जादा पैसे मागत असे. मी फक्त टंकयंत्राची गाडी हातानं पुढे सरकवली. पाठपोट छापलं तर शाई पलीकडे दिसते, म्हणून एकाच बाजूला छपाई. टोचणीनं भोकं पाडून दोऱ्यानं शिवलं. त्या मासिकाचा दुसरा अंक निघाला नाही.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं की मुंबईत हे दहा-बारा वर्षं चाललं होतं. 1950च्या दशकाच्या मध्याला अरुण कोळटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं, तेही सायक्लोस्टाइल करूनच. 1963 साली अशोक शहाणे यांच्या पुढाकारानं ‘असो’ आलं. मग ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’. या सगळ्यांना नाव पडलं लघुअनियतकालिकं. आकारानं लहान, आणि पुढचा अंक कधी निघेल याचं वचन नाही. मला त्या लांबलचक नावातला ‘अनियत’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दर महिन्याला अंक द्यायचा म्हटलं की वर्गणीदार आले, जाहिराती आल्या, ठरलेली पानं भरणं आलं. ते वचनच न दिल्यामुळे ही मुलं मोकळी झाली. सांगण्यासारखं असेल तेव्हा आणि खिशात असतील तेवढ्या पैशांत अंक.

या चळवळीबद्दल बोलताना लोक कवितांच्या भाषेबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या टेबलावरून पाहिलं तर मोकळीक आधी कागदावर आली. संपादक, जुळारी, मुद्रितशोधक, ब्लॉक करणारा, छापणारा अशी हातांची साखळी लिहिणारा आणि पान यांच्यामध्ये असे. मेणकागदानं ती तोडली. कवीनं लिहिलेलं वाकडं तर वाकडं, बोलीतलं तर बोलीतलं, तसंच छापलं गेलं.

अप्पांना हे पटणं कठीण होतं. त्यांच्या लेखी छपाईचं टोक म्हणजे मौजेचा छापखाना. मौजेच्या ‘सत्यकथा’ मासिकाचं पान ते दिव्याजवळ धरून बघत: समास सारखे, अनुस्वार जागच्या जागी, एकही खिळा झिजलेला नाही. या चळवळीतल्या राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून त्या मासिकाच्या दबदब्यावर हल्ला चढवला आणि 1969 साली खटाववाडीत मौजेच्या दारात ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी झाली. ऐकून अप्पा त्या रात्री जेवले नाहीत. “अगं, कुणीतरी उभं राहून एकेक अक्षर वेचलंय त्यात,” एवढंच म्हणाले. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या आणि आजही वाटतात. ज्यांना त्या पानात जागाच नव्हती त्यांचा राग खरा होता. अप्पांचं दुःखही खरं होतं.

त्यांची समजूत घालायला मी त्यांचीच गोष्ट त्यांना सांगितली. गणपत कृष्णाजींची. अमेरिकन मिशनच्या छापखान्याची कामं बघून या माणसानं स्वतः लाकडी यंत्र बनवलं, शाई बनवली आणि 1831 साली मराठीतलं पहिलं छापील पंचांग शिळाछापावर काढलं. लहानपणी ही गोष्ट मी अप्पांकडून किती वेळा ऐकली असेल! “मग अप्पा, या मुलांनीही हाती आलं त्यातूनच छापलं,” मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

सायक्लोस्टाइलमधून आलेली ही माणसं पुढे नीटस पुस्तकंही करू लागली, आणि तिथंही पान त्यांच्याच हातात राहिलं. कोळटकर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, जाहिरातींच्या क्षेत्रात नावाजलेले. 1976 साली त्यांनी आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव पटेल यांच्याबरोबर ‘क्लिअरिंग हाउस’ सुरू केलं. कवींनीच चालवलेली प्रकाशनसंस्था. तिथून त्यांचा ‘जेजुरी’ हा कवितासंग्रह आला. पुढच्याच वर्षी शहाणे यांच्या ‘प्रास’नं कोळटकरांचा मराठी संग्रह काढला. नाव ‘अरुण कोळटकरच्या कविता’. ‘कोळटकर यांच्या’ नाही. मुखपृष्ठावरचा तो एकेरी उल्लेख वाचून मला माझा भाऊ आणि त्याचा मित्र आठवले. ते एकमेकांना अशाच नावांनी हाका मारत.

हे पुस्तक मी अप्पांना दाखवलं. तोवर ते निवृत्त झाले होते. त्यांनी कोऱ्या जागांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे कुणी मांडलं?” त्यांच्याकडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत स्टिक, एक चिमटा आणि आमचा तो 1968चा अंक. मी त्यांना तो दिल्याचं मला आठवत नव्हतं. कागद पिवळा पडला होता, प्रत्येक अक्षराभोवती शाईतलं तेल पसरून तपकिरी वलय झालं होतं. समासात पेन्सिलीनं मुद्रितशोधनाच्या खुणा केलेल्या होत्या. जिथं ‘ठ’चं पोट सुटलं होतं तिथं, जिथं अनुस्वाराचं भोक पसरलं होतं तिथं. मी मोजल्या: अकरा. अंक केव्हाच छापून, वाटून झालेला. पायऱ्यांसारख्या उतरणाऱ्या कवितेच्या पानावर मात्र एकही खूण नव्हती.