आधणाचें पाणी आणि विजेची किटली

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया आणि तह उभे राहतात. रत्नागिरीकराला तर १८८५ च्या युद्धानंतर येथें आणून ठेवलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा आठवेल. १८५६ सालीं या गांवीं जन्मलेले लोकमान्य आठवतील. परंतु घरांत आधण कोणी ठेवलें, कशावर ठेवलें आणि त्याची किंमत कोणी मोजली, हें लिहून ठेवण्याची तसदी बखरकारांनीं घेतली नाहीं. आज याच उपेक्षित प्रश्नाविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. निमित्त अगदीं साधें आहे: रोजच्या वापरासाठीं स्वस्त विजेची किटली कशी निवडावी?

दुकानांतील फळीवर आठ-दहा किटल्या ओळीनें मांडलेल्या असतात. हजार रुपयांच्या आंतली आणि तीन हजारांची यांत गिऱ्हाइकाला चकाकीपलीकडे फारसा फरक दिसत नाहीं. माझें म्हणणें असें कीं, या वस्तूचा इतिहास ठाऊक असला तर निवाडा सोपा होतो. तिचा प्रत्येक आवश्यक भाग म्हणजे मागल्या पिढ्यांनीं सोसलेल्या एकेका त्रासाला मिळालेलें उत्तर आहे. ज्या भागामागें असा त्रास नाहीं, तो बहुधा केवळ शोभेचा असतो.

प्रथम आपल्या जुन्या घराकडे वळूं. कोंकणांत पाणी तापविणें हा एक स्वतंत्र उद्योगच असे. न्हाणीघरांत तांब्याचा बंब, स्वयंपाकघरांत मातीची चूल आणि तिच्या अंगाला वैल. चुलीवर भात शिजत असतां निसटणारी आंच फुकट जाऊं नये म्हणून वैलावर पाण्याचें तपेलें चढवीत. जळण म्हणजे लांकूड, नारळाचीं सोडणें, करवंट्या आणि वाळलेल्या झावळ्या. हें सारें मृगापूर्वीं सांठवून कोरडें राखावें लागे. कारण रत्नागिरीचा पाऊस एकदां लागला कीं ओलें लांकूड पेटत नाहीं, नुसतें धुमसतें. फुंकणीनें फुंकतां फुंकतां डोळे लाल होत आणि छातींत धूर भरे. तो धूर कोणाच्या वांट्याला येई, हें सांगावयास नको. ओटीवरच्या मंडळींना चहाचा कप आयता मिळे. त्याची किंमत आंत चुलीपाशीं मोजली जाई.

पुढें पंपाचा स्टोव्ह आला. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानें १८९२ च्या सुमारास काजळी न धरणारा हा रॉकेलचा स्टोव्ह सिद्ध केला, आणि प्रायमस या नांवानें तो आपल्याकडे घरोघर पोंचला. धूर गेला, वेळ वांचला. पण दाबाखालचें तेल आणि विस्तव यांचा शेजार घडला. स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजल्याचीं वृत्तें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाचकांच्या अंगवळणीं पडलीं होतीं. त्यांतील कांहीं अपघात खरे होते; कांहींच्या मागें अपघात नसून छळ होता, आणि १९८३ सालीं तत्कालीन दंडसंहितेंत त्यासाठीं ४९८-अ हें कलम घालावें लागलें. पाणी उकळण्याचा विस्तव किती महाग पडूं शकतो, याचा हा दुःखद पुरावा होय.

मग वीज आली. टाटांच्या खोपोली येथील केंद्रांतून १९१५ सालीं मुंबईला जलविद्युत् मिळूं लागली. रत्नागिरी जिल्ह्याला या कथेंत मानाचें स्थान मिळालें तें १९६२ सालीं. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेकडे वळवून चिपळूण तालुक्यांत पोफळी येथील भूमिगत केंद्रांत आणलें गेलें आणि तेथें वीज निर्माण होऊं लागली. तेंच पाणी पुढें वाशिष्ठीला मिळतें. या विजेसाठीं सातारा जिल्ह्यांतील कोयनाकांठचीं कित्येक गांवें शिवसागर जलाशयाखालीं गेलीं आणि तेथील माणसांना आपलीं घरेंदारें सोडून दूर जावें लागलें. बटण दाबतांच येणाऱ्या विजेमागें कोणाचें तरी देणें आहे, हें विसरून चालणार नाहीं.

आतां खुद्द किटलीची जन्मकथा. ज्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या धर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंद बोलले, त्याच १८९३ च्या प्रदर्शनांत विजेचें स्वयंपाकघर मांडलें होतें. त्याच दशकांत इंग्लंडांत क्रॉम्प्टन यांच्या कंपनीनेंहि विजेच्या किटल्या काढल्या. पण त्या काळच्या किटलींत तापणारी तार तळाखालच्या वेगळ्या कप्प्यांत असे. बरीचशी उष्णता हवेंतच जाई आणि आधण येण्यास फार वेळ लागे. १९२२ सालीं बर्मिंगहॅमच्या बुलपिट आणि सन्स या कारखान्यांतील आर्थर लेस्ली लार्ज यानें ती तार धातूच्या नळींत बंद करून नळीच पाण्यांत बुडविली. उष्णतेची उधळपट्टी थांबली. आजच्या किटलींत ही तार पुन्हां तळाखालीं गेली आहे खरी, परंतु आतां ती तळाच्या पत्र्याला घट्ट जोडलेली असते.

तरीहि एक धोका उरलाच होता, आणि तो म्हणजे माणसाचा विसराळूपणा. पाणी आटून गेलें कीं तार जळे, प्रसंगीं आगहि लागे. १९५५ सालीं रसेल आणि हॉब्स या इंग्रज जोडीनें यावर तोड काढली. उकळी फुटतांच वाफ एका द्विधातूच्या पट्टीवर येते. त्या दोन धातूंचें प्रसरण सारखें नसल्यामुळें पट्टी वांकते आणि प्रवाह तोडते. माणूस विसरला तरी किटली विसरत नाहीं, ती या लहानशा पट्टीमुळें.

या इतिहासावरून खरेदीचे नियम आपोआप हातीं येतात. पहिला नियम असा कीं, उकळी येतांच बंद होणारी आणि पाणी नसतां तापूं लागल्यास आपण होऊन थांबणारी किटलीच घ्यावी. येथें चार पैशांची काटकसर करूं नये. झांकण मात्र नीट लावावें. तें उघडें राहिल्यास बहुतेक किटल्यांत वाफ पट्टीपर्यंत पोंचत नाहीं आणि पाणी उकळतच राहतें.

दुसरा नियम प्लगविषयीं. १५०० वॅटची किटली २३० व्होल्टांवर सुमारें साडेसहा अँपियर प्रवाह घेते. दिव्या-पंख्याचें ६ अँपियरचें सॉकेट तिला पुरत नाहीं. १६ अँपियरचें हवें. प्लगाला तीन पिना असाव्या आणि तिसऱ्या पिनेमागें खरोखरीचें आर्थिंग असावें. जांभ्या कातळावरच्या घरांत, विशेषतः वैशाखांत जमीन सुकल्यावर, आर्थिंग कच्चें राहण्याचा संभव असतो. जाणत्या वायरमनकडून तें तपासून घ्यावें.

तिसरा नियम आय.एस.आय. चिन्हाचा. हें चिन्ह देणारी भारतीय मानक संस्था १९४७ सालीं स्थापन झाली. तिचें कार्य १९८७ पासून भारतीय मानक ब्युरो पाहतो. चौथा नियम भांड्याचा: आंतून पोलाद असावें, उकळत्या पाण्याला प्लॅस्टिक शक्यतों लागूं नये, तोंड हात घालून घासतां येईल इतकें रुंद असावें. चार माणसांच्या कुटुंबाला दीड लिटर पुरे.

कांचेचें अंग, निळा दिवा, उष्णमान दाखविणारे आंकडे यांवांचून कोणाचें अडत नाहीं. वॅट अधिक म्हणजे बिल अधिक, ही समजूतहि खरी नव्हे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळण्यास, थोडी गळती धरून, सुमारें एक दशांश युनिट लागतें. १५०० वॅटला चारेक मिनिटें लागतात, १००० वॅटला सहा. युनिटें जवळजवळ तेवढींच. युनिटमागें दहा रुपये धरले तरी लिटरमागें एक रुपया पडतो. दोन कप हवे असतां भरलेली किटली उकळली, तर मात्र पैसे खरोखर वाया जातात. किटलींत केवळ पाणीच तापवावें. दूध ऊतूं जातें, तळाला लागतें आणि किटलीचें आयुष्य घटवितें. आपला आल्याचा चहा पातेल्यांतच शोभतो.

समुद्रकांठच्या खाऱ्या हवेनें पिना गंजतात; त्या अधूनमधून, प्लग काढून, कोरड्या फडक्यानें पुसाव्या. आणि चूल अगदींच मोडून टाकूं नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडील कित्येक घरें अनेक दिवस विजेवांचून होतीं. तेथें किटली फळीवर राहिली आणि पाणी तापलें तें विस्तवावरच.

श्रोतेहो, स्वस्त किटली घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. ज्या गोष्टींसाठीं कोणी डोळे जाळले आणि कोणाचे जीव गेले, त्या गोष्टी तिच्यांत आहेत कीं नाहींत एवढें पाहावें. बाकीचें खुशाल सोडून द्यावें. आणि अशी किटली घरांत आली म्हणजे आधण ठेवण्याचें काम एकट्या गृहिणीचें उरण्याचें कारण नाहीं. बटण दाबण्यास फुंकणी लागत नाहीं. तें ओटीवरच्या मंडळींनाहि साधण्यासारखें आहे.