जानेवारी शून्य का?

आज एका छोट्याशा फंक्शनची गोष्ट. नवीन नोकरीत एका दवाखान्याच्या ॲपसाठी मी तारीख छापणारं हेल्पर लिहिलं. जानेवारीअखेर मेसेज गेले, आणि ५ मार्चची अपॉइंटमेंट छापली गेली ‘५/२’. एक आजोबा एसटीने ५ फेब्रुवारीलाच येऊन बसले. चूक माझीच. गेटमंथ महिने शून्यापासून मोजतं, मी एक मिळवायला विसरलो.

पण शून्यापासून का? मे १९९५. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना १० दिवसांत उभा केला. ती जावासारखी दिसली पाहिजे, हा वरचा हुकूम. म्हणून तारखेचा भाग सरळ जावातून उचलला. जावात ही सवय आली सी भाषेतून: महिना ० ते ११, वर्ष १९०० पासून पुढे. दिवस मात्र १ पासून! महिन्यांच्या नावांच्या ॲरेतून ‘जानेवारी’ काढायला शून्य सोयीचा, हे खरं. पण वर्षाचं काय? २००० उजाडलं, गेटइयरने १०० दिलं आणि पुढे ‘१९’ चिकटवणाऱ्या साइट्सवर साल झळकलं १९१००!

जावाने १९९७ मध्येच या मेथड्स बाद ठरवल्या. जावास्क्रिप्टला ते कसं जमणार? जुनी वेबपानं मोडली असती ना. मग जो तो आपापली हेल्पर्स लिहीत बसला. २०११ मध्ये मोमेंट लायब्ररी आली, जिकडेतिकडे वापरली गेली. २०२० मध्ये तिच्याच टीमने सांगितलं, नव्या प्रोजेक्टला ही घेऊ नका.

आजोबांना डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासलं. संध्याकाळी मी कोडमध्ये ‘अधिक एक’ टाकलं.