मेहनतीच्या नावावर खुराक

नित्य व्यायाम करणाऱ्याला काहीही खाल्ले तरी पचते, या समजुतीला भारतीय वैद्यकात फार जुना आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २४ व्या अध्यायात, जिथे रोग होण्यापूर्वीच तो टाळण्याचे उपाय सांगितले आहेत, तिथे नित्य व्यायाम करणाऱ्याला विरुद्ध अन्न, म्हणजे एकत्र खाल्ल्यास एरवी बाधणारे पदार्थसुद्धा, दोष न करता पचतात असे स्पष्ट म्हटले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही तरुण, प्रदीप्त जठराग्नीच्या आणि स्निग्ध आहार व व्यायाम यांनी बळकट झालेल्या माणसाला विरुद्ध आहार बाधत नाही, असा निर्वाळा दिलेला आढळतो. ही मुभा पुढे लोकव्यवहारात टिकून राहिली, मात्र तिच्याभोवती ग्रंथकारांनी घातलेल्या अटी हळूहळू गळून गेल्या. आणि ही गळती कशी झाली, हे कोल्हापूरच्या तालमींच्या इतिहासातून विशेष स्पष्टपणे दिसते.

अटी बारकाईने सांगितलेल्या होत्या. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, म्हणजे श्वास तोंडावाटे येऊ लागताच थांबावे. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार पाहून त्याचे प्रमाण ठरवावे. स्निग्ध खाणाऱ्या बलवानांना तो थंडीत आणि वसंतात अधिक मानवतो, असे सुश्रुताचे म्हणणे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या चरकसंहितेने ही मुभा दिली तिनेच प्रमेहाच्या, म्हणजे आजचा मधुमेह ज्यात अंतर्भूत होतो त्या मूत्रविकारांच्या वर्गाच्या, कारणांत बसून राहण्याचे आणि झोपेचे सुख यांच्या जोडीला दही, दूध, मांसरस, नवे धान्य व गुळाचे पदार्थ मोजले आहेत. या रोगावर सुश्रुताने निर्धन रोग्याला अनवाणी, भिक्षेच्या अन्नावर शंभर योजने चालण्यास सांगितले, तर इतरांना शेत कसण्यास किंवा विहीर खणण्यास सांगितले. चालणे आणि मोजके अन्न ही दोन्ही तिथे एकाच उपचाराची अंगे होती, आणि पहिल्याच्या बदल्यात दुसऱ्यात सूट देण्याची कल्पना या उपचारात कुठेही नव्हती.

मल्लविद्येत मात्र भरपूर आहार हीच मेहनतीची पूर्वअट होती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यवंशीय सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांचे वय व बळ यांनुसार वर्ग आणि त्यांच्या पोषणाची राजाने घ्यावयाची काळजी यांचा विचार आहे. कोल्हापुरात ही राजाश्रयाची परंपरा राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) भरास आली. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी नावारूपाला आल्या आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. पहाटे आणि तिसऱ्या प्रहरी जोर, बैठका व हौदातील लढती अशी शरीर पिळून काढणारी मेहनत करणाऱ्या पठ्ठ्याला दूध, तूप, बदाम आणि मटण यांचा खुराक आवश्यकच होता, आणि तो पेलण्याइतकी मेहनत त्याच्याकडून वस्ताद दररोज करून घेत असे.

हा खुराक तयार करण्यातही कष्ट होते. थंडाईसाठी रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी सोलून, त्यांत खसखस, बडीशेप, वेलदोडे आणि मिरी घालून ते कुंडीत लाकडी दंडुक्याने घोटायचे. वाटण गंधासारखे मऊ होईपर्यंत मनगट आणि खांदे भरून येत, आणि मग ते फडक्यातून पिळून दुधात मिसळले जाई. आहारात शिस्तही होती. तिखट-आंबट पदार्थ वर्ज्य मानले जात आणि मटणाचे अळणी पाणी, म्हणजे तिखट न घालता शिजवलेल्या मटणाचे सार, पसंत केले जाई. कोल्हापूरच्या खाद्यसंस्कृतीची ओळख ठरलेला जहाल तांबडा रस्सा मल्लांच्या नावाने मिरवला जात असला, तरी तालमीच्या कडक पथ्यात त्याला जागा नव्हती.

या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव मल्लाची लढत थांबल्यावर उघडी पडे. खुराक टप्प्याटप्प्याने कसा चढवायचा हे वस्तादांना उत्तम ठाऊक होते, पण मेहनत सुटल्यावर तो कसा उतरवायचा याची रीत तालमीने घालून दिली नाही. उमेद सरली, गुडघा दुखावला किंवा घरच्या शेतीची जबाबदारी अंगावर आली की जोर-बैठका सुटत. भूक मात्र लागलेल्या सवयीनुसार मागणी करीत राही, आणि भरदार देह हीच पैलवानाची प्रतिष्ठा असल्याने घरचे लोकही कौतुकाने ताट भरीत. चरकाने प्रमेहाच्या कारणांत एकत्र आणलेले दूध आणि बैठे सुख अशा रीतीने निवृत्त मल्लाच्या घरात एकत्र नांदू लागले. ज्या देहांवर गावांनी एवढे प्रेम केले त्यांची पुढची वर्षे अशी दुर्लक्षित राहावीत, हे या परंपरेचे दुःखद अंग आहे.

मल्लांसोबत शहरानेही खुराक उचलला. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढण्याची आणि फेसाळ धारोष्ण दूध पेल्यातून पिण्याची प्रथा तालमींच्या सान्निध्यात रुजली; पुढे ज्यांनी कधी लांग चढवली नव्हती असे लोकही त्याच कट्ट्यावर उभे राहू लागले. म्हशीच्या एक लिटर दुधातून सुमारे १,००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते आणि सत्तर किलो वजनाचा माणूस तासभर चालून साधारण अडीचशे किलोकॅलरी खर्च करतो. म्हणजे तासाभराच्या चालण्याचा खर्च पाव लिटरच्या एका पेल्यात भरून निघतो.

भूक आणि श्रम यांचा मेळ नेहमी बसत नाही, हे आधुनिक काळात भारतातील एका पाहणीतूनच पुढे आले. पोषणशास्त्रज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंगालमधील ताग गिरणीच्या कामगारांचा आहार व वजन तपासले. हलक्या कामापासून जड कामापर्यंत श्रमाबरोबर आहार वाढत होता. पण दिवसभर बसून काम करणारे लोक कमी खाण्याऐवजी जड काम करणाऱ्यांइतकेच खात होते आणि त्यांची वजनेही अधिक होती. एका मर्यादेखाली श्रम उतरले की भूक त्यांच्यामागून उतरत नाही, असा याचा अर्थ आहे. उलट बाजूने, खाण्याकडे न पाहता व्यायामावरच भर देणे कोणाच्या सोयीचे असते, हे २०१५ मध्ये दिसले: लठ्ठपणाच्या चर्चेत आहारापेक्षा हालचालीला महत्त्व देणाऱ्या एका अमेरिकी संशोधक-गटाला कोका-कोला कंपनीचा पैसा मिळत असल्याचे उघड झाले आणि तो गट त्याच वर्षी बंद पडला.

कुस्तीत दरम्यान वजनकाटा आला. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले ते बँटमवेट या हलक्या गटात, आणि अशा ठरावीक वजनगटांत लढणाऱ्या मल्लाला खुराक मोजूनच घ्यावा लागतो. महाराष्ट्र केसरीच्या गटात मात्र ८६ ते १२५ किलोपर्यंत मुभा असल्याने वजन वाढवण्याची ओढ अजून टिकून आहे. हे वजन चढवताना वस्ताद, तालीम आणि अनेकदा साखर कारखान्याचे मानधन मल्लाच्या पाठीशी असते, तर निवृत्तीनंतर ते उतरवण्याचे काम एकट्या मल्लावर आणि त्याच्या घरच्यांवर येऊन पडते.